तेलक्षेत्राचा संरचना-नकाशा: आधी फॉल्ट, मग कंटूर

एमएस्सीच्या प्रात्यक्षिकात किंवा नोकरीच्या पहिल्या वर्षी संरचना-नकाशा, म्हणजे जमिनीखालच्या एखाद्या थराची खोली दाखवणारा नकाशा, काढायला मिळाला की बहुतेक जण एकाच वाटेने जातात. विहिरींपाशी खोलीचे आकडे लिहायचे, त्यांच्यामधून कंटूर, म्हणजे सारख्या खोलीच्या रेघा, फिरवायचे, आणि कंटूर कुठे फारच दाटले की तिथे एक फॉल्ट आखून मोकळं व्हायचं. सॉफ्टवेअरवर सोपवलं तरी तेही हेच करतं, फक्त रंगीत करून देतं. हा क्रम उलटा आहे. फॉल्ट, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला प्रस्तरभंग, ही न जुळणारे आकडे झाकायची रेघ नव्हे. त्याला स्वतःचा पृष्ठभाग आहे, उतार आहे, दोन टोकं आहेत. तो आधी ठरवायचा आणि थराचे कंटूर दोन्ही बाजूंनी त्याच्यावर आणून टेकवायचे.

खाली ही पद्धत पायरीपायरीने दिली आहे. आधाराला दोन क्षेत्रं घेतली आहेत, मुंबई हाय आणि आसाममधलं दिग्बोई, कारण एकाच नावाची रचना, म्हणजे अपनती (थरांची वर फुगलेली कमान), दोन अगदी वेगळ्या कारणांनी कशी होते ते या जोडीत छान दिसतं. आकडेमोडीतल्या विहिरी मात्र सरावासाठी कल्पिलेल्या आहेत.

पायरी १: रचनेचं कूळ ओळखा

पेन्सिल हातात घेण्याआधी विचारायचं, की इथे कवच ताणलं गेलंय की दाबलं गेलंय?

मुंबई हाय मुंबईपासून पश्चिम-वायव्येला सुमारे १६० किलोमीटरवर आहे आणि तिथे पाणी साधारण ७५ मीटर खोल आहे. साठच्या दशकात ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजावरून झालेल्या सेस्मिक (लाटा खाली सोडून त्यांची परावर्तनं टिपण्याच्या) सर्वेक्षणात हा उंचवटा दिसला, फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने तिथे तेल काढून दाखवलं आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. मुख्य साठा मायोसीन काळातल्या चुनखडकात आहे. त्याला एल-थ्री म्हणतात. नकाशावर ही वायव्य-आग्नेय पसरलेली, दोन्ही टोकांना बुडत जाणारी अपनती आहे आणि तिचं पूर्वेचं अंग फॉल्टनी तोडलेलं आहे.

‘अपनती’ म्हटलं की दोन्ही बाजूंनी दाबून थर वर उचलले गेल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं. इथे तसं मुख्यत्वे घडलेलं नाही. पश्चिम किनारा ताणला जात असताना तळखडकाचे ठोकळे नॉर्मल फॉल्टवरून, म्हणजे वरची बाजू खाली घसरलेल्या फॉल्टवरून, खाली-वर झाले. त्यातला एक उंच राहिला. त्याच्यावर पुढे चुनखडक आणि शेल (चिखलाचा झालेला पातळ पापुद्र्यांचा खडक) साचत गेले, आणि पाट्यावर टाकलेली चादर जशी पाट्याचा आकार घेते तसा त्या थरांनी खालच्या उंचवट्याचा आकार घेतला. बाजूच्या खोलगट भागात गाळ जाड होता, तो जास्त दबला आणि उंचवटा आणखी उठून दिसू लागला. या तळखडकात डेक्कन ट्रॅपचा बेसाल्ट आहे, म्हणजे सह्याद्रीचाच खडक, आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुने ग्रॅनाइट-नाइस. घाटात आडवे दिसणारे बेसाल्टचे थर पनवेलच्या पुढे समुद्राकडे कलू लागतात. क्लायनोमीटर घेऊन तो कल मोजण्यासारखा सराव मुंबईच्या विद्यार्थ्याला दुसरा नाही.

दिग्बोईचं कूळ वेगळं. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्याच्या आग्नेय कडेला नागा थ्रस्ट या दाबाने झालेल्या, मंद उताराच्या फॉल्टवरून खडकांचे जाड तुकडे वायव्येकडे ढकलले गेलेत. त्या ढकललेल्या तुकड्याच्या पाठीवर पडलेली घडी म्हणजे दिग्बोईची अपनती. तिच्यातल्या टिपाम वालुकाश्मातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेल निघतंय. इथे घडी आणि फॉल्ट ही एकाच हालचालीची दोन रूपं आहेत.

आणखी एक मिश्र प्रकार ध्यानात असावा. गुजरातेत, कॅम्बे खोऱ्याच्या दक्षिण भागात, ताणाच्या काळातले काही नॉर्मल फॉल्ट नंतरच्या दाबाने उलटे सरकले. अशा ठिकाणी एकाच फॉल्टवर खोलात नॉर्मल आणि वरच्या थरांत रिव्हर्स, म्हणजे वरची बाजू वर ढकललेलं, विस्थापन मिळू शकतं. ते पाहून घाबरून मार्कर, म्हणजे विहिरींत ओळखलेल्या थरांच्या खुणा, बदलू नयेत.

कुळावरून पुढच्या अपेक्षा ठरतात. नॉर्मल फॉल्टने विहिरीत थराचा तुकडा गायब होतो, रिव्हर्सने तो पुन्हा येतो. पहिल्यात नकाशावर रिकामी पट्टी सुटते, दुसऱ्यात थर स्वतःवरच चढतो. दिशेचंही तसंच आहे. पश्चिम किनाऱ्यावर धारवाड (उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय), अरवली (ईशान्य-नैर्ऋत्य) आणि सातपुडा (पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य) हे तीन जुने कल वारंवार दिसतात. फॉल्टचे दोन छेद (विहिरीत फॉल्ट लागल्याच्या जागा) दोन प्रकारे जोडता येत असतील तर या कलांचा कौल घ्यावा. पण विहिरीचा पुरावा उलट सांगत असेल तर कल बाजूला ठेवायचा.

पायरी २: सगळे आकडे एका पातळीवर आणा

ही कंटाळवाणी पायरी आहे आणि ती टाळता येत नाही. विहिरीच्या लॉगवरची (खोलीनुसार खडकाचे गुणधर्म नोंदणाऱ्या आलेखावरची) खोली रिगवरच्या संदर्भपातळीपासून मोजलेली असते. ती समुद्रसपाटीच्या वर ३० मीटर असेल आणि उभ्या विहिरीत मार्कर १,४१२ मीटरला लागला असेल, तर नकाशावर १,३८२ लिहायचं. समुद्रातल्या एका प्लॅटफॉर्मवरून बऱ्याच विहिरी तिरक्या जातात, त्यामुळे मोजलेली लांबी आधी उभ्या खोलीत बदलायची आणि मार्करची जागाही प्लॅटफॉर्मपाशी न दाखवता विहीर जिथे त्या थरात शिरली तिथे दाखवायची. वेगवेगळ्या काळातल्या विहिरींचे विचलन-सर्वेक्षण (विहीर किती आणि कुठे तिरकी गेली त्याची मोजणी) वेगवेगळ्या दर्जाचे असतात. जुन्या आणि नव्या विहिरीत पाच-सात मीटरचा फरक दिसला म्हणून लगेच फॉल्ट काढू नये.

पायरी ३: विहिरीतला फॉल्ट पकडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण फॉल्टचा सगळ्यात ठाम पुरावा इथेच मिळतो.

समजा ‘प’ आणि ‘फ’ या दोन मार्करमधली जाडी क, ख, ग या विहिरींत अनुक्रमे २१२, २०८ आणि २१५ मीटर आहे. घ विहिरीत ती १६३ भरते. म्हणजे साधारण ४८-४९ मीटर कमी. ही जाडी का कमी झाली? तीन शक्यता आहेत: गाळ मुळातच कमी साचला, मधला भाग झिजून गेला, किंवा फॉल्टने कापला.

लॉग शेजारी शेजारी लावून वरून खाली मिळवत जा आणि मग खालून वर. गॅमा रेवर, म्हणजे खडकाची नैसर्गिक किरणोत्सर्गिता दाखवणाऱ्या लॉगवर, शेलच्या पट्ट्या उजवीकडे उभ्या राहतात, चुनखडक डावीकडे सरकतो. क विहिरीत प-फ च्या मध्ये अशा सहा पट्ट्या असतील तर त्या घ मध्ये एकेक करून शोधा. गाळच कमी साचला असेल तर सहाच्या सहा पट्ट्या असतात, फक्त प्रत्येक बारीक झालेली. फॉल्टने कापलं असेल तर पहिली, दुसरी, तिसरी अगदी क सारखी मिळते आणि एका मीटरभराच्या जागेत लॉग एकदम सहाव्या पट्टीवर उडी मारतो. चौथी-पाचवी नाहीच. ती उडीची जागा म्हणजे फॉल्टचा छेद. त्याची खोली, गायब झालेली जाडी आणि कोणता तुकडा गायब आहे, या तीनही गोष्टी विहिरीच्या नावापुढे लिहून ठेवा. झीज असेल तर तीच पातळी आजूबाजूच्या अनेक विहिरींत दिसते. फॉल्ट मात्र शेजारच्या विहिरीला दुसऱ्याच खोलीवर, दुसऱ्याच थरात कापतो. झीज आणि फॉल्ट वेगळे करायला याहून खात्रीची खूण मला माहीत नाही.

साथीला इतर खुणा असतात. इमेज लॉगवर (विहिरीच्या भिंतीच्या चित्रावर) किंवा थरांचा उतार मोजणाऱ्या डिपमीटरवर फॉल्टजवळ थरांचा उतार अचानक वाढतो वा दिशा बदलतो. ड्रिलिंगच्या नोंदीत तिथे, खोदताना विहिरीत फिरवला जाणारा चिखल गळाल्याचं दिसू शकतं. चुनखडकात मात्र या दुसऱ्या खुणेवर विसंबू नये, कारण पाण्याने विरघळून झालेल्या पोकळ्याही चिखल तितक्याच आवडीने गिळतात.

दिग्बोईसारख्या पट्ट्यात प्रश्न उलटा येतो: तोच थर दोनदा का आला? रिव्हर्स फॉल्टने आला असेल तर क्रम तोच असतो, वरून खाली अ-आ-इ आणि पुन्हा अ-आ-इ. घडी पालथी पडली असेल तर क्रम आरशातल्यासारखा उलटतो, अ-आ-इ-इ-आ-अ, आणि लॉगचा एकेक आकारही उलटा दिसतो. वर बारीक होत जाणारा वालुकाश्म पालथ्या अंगात खाली बारीक होत जातो. कागदावर छापलेला लॉग उलटा धरून शेजारच्या विहिरीशी लावून पाहणं ही जुनी युक्ती आजही सगळ्यात जलद आहे.

तिथे आणखी एक फसवणूक होते. थर तीव्र उताराचा असेल तर उभी विहीर त्यातून जास्त अंतर कापते. ५० अंश उताराचा १०० मीटर जाड थर उभ्या विहिरीत १५६ मीटर दिसतो. हे वाढीव ५६ मीटर फॉल्टच्या खाती मांडण्याआधी उताराची दुरुस्ती करा.

पायरी ४: गायब जाडी म्हणजे थ्रो नव्हे

उभ्या विहिरीत गायब झालेली जाडी हे उभं विलगन असतं: फॉल्टच्या एका बाजूचा थर तसाच पुढे वाढवला तर दुसऱ्या बाजूच्या थरापासून तो किती मीटर वर किंवा खाली येतो ते अंतर. थ्रो म्हणजे फॉल्टवर थर जिथे तुटला त्या दोन टोकांमधला उभा फरक. थर आडवे असतील तर दोन्ही सारखे. कललेले असतील तर नाही.

फॉल्ट आणि थर यांची स्ट्राइक, म्हणजे उताराला काटकोनातली आडवी दिशा, एकच असेल तर हिशेब सोपा आहे. फॉल्टच्या उताराची टॅन्जंट ‘फ’ आणि थराच्या उताराची ‘थ’ मानू. दोघे एकाच दिशेला कललेले असतील तर थ्रो = विलगन × फ ÷ (फ − थ). विरुद्ध दिशांना असतील तर वजाच्या जागी अधिक.

आपल्या घ विहिरीतले ४८ मीटर घ्या, फॉल्ट ६० अंशांचा. थर ३ अंशांनी त्याच दिशेला कललेला असेल तर थ्रो साडेएकोणपन्नास मीटर येतो, म्हणजे फरक नगण्य. थर २० अंशांचा असेल तर थ्रो सुमारे ६१, आणि विरुद्ध दिशेला २० अंश असेल तर जेमतेम ४०. मंद उताराच्या रचनेत हा भेद विसरला तरी चालून जातं. म्हणूनच तिथे तयार झालेले लोक थ्रस्ट पट्ट्यात गेल्यावर याच ठिकाणी अडखळतात.

पायरी ५: सेस्मिकवर फॉल्ट उचला, पण रेषेने नव्हे, पृष्ठभागाने

फॉल्टच्या स्ट्राइकला काटकोनात जाणाऱ्या रेषांवर आधी काम करा. तिरकस रेषेवर ६० अंशांचा फॉल्ट आडवा पसरल्यासारखा दिसतो. प्रत्येक रेषेवर तुटलेली परावर्तनं जोडणारी काडी उचला आणि मग काड्या एकमेकींशी जोडून पृष्ठभाग बनवा. तो पृष्ठभाग विहिरीत सापडलेल्या छेदांतून जायलाच हवा. जात नसेल तर दोन फॉल्टच्या काड्या एकत्र गुंफल्या गेल्यात का ते पाहा.

सेस्मिकची नजर किती बारीक आहे ते आधी मोजून ठेवा. वेग २,६०० मीटर प्रतिसेकंद आणि वारंवारता ३० हर्ट्झ असेल तर तरंगलांबी सुमारे ८७ मीटर आणि तिचा चौथा हिस्सा २२ मीटर. त्याहून लहान थ्रो परावर्तनाच्या किंचित वळण्यात किंवा फिकट होण्यातच कळतो. एल-थ्रीसारख्या साठ्यात चुनखडकाचे थर आणि त्यांच्यामधल्या शेलच्या पातळ पट्ट्या एकाआड एक आहेत. तिथे आठ-दहा मीटरचा फॉल्टही एका थराला शेजारच्या थरासमोर आणून ठेवू शकतो. म्हणजे सेस्मिकला न दिसणारा फॉल्ट उत्पादनाला दिसतो.

वेळेवरून खोलीत जाताना दुसरी काळजी. सेस्मिकचा १० मिलिसेकंदांचा फरक, जाऊन-येऊन धरल्यामुळे, २,६०० च्या वेगाला १३ मीटर होतो. वर कुठे वायू साठलेला असेल तर तिथे लाट हळू चालते आणि खालचा थर उगाच खचलेला भासतो. वर घट्ट चुनखडकाचा जाड ढिगारा असेल तर खालचा थर उगाच उचललेला भासतो. मंद उताराच्या अपनतीत एवढ्यावर माथा सरकतो, म्हणून फक्त वेळेच्या नकाशावरून विहिरीची जागा ठरवणं मला कधीच पटलेलं नाही.

पायरी ६: फॉल्टचे कंटूर, थराचे कंटूर, आणि त्यांची गाठ

आता नकाशा. प्रथम फॉल्टच्या पृष्ठभागाचे कंटूर काढा. एका विहिरीत फॉल्ट १,१८० ला आणि उताराच्या दिशेने १६० मीटर पुढच्या विहिरीत १,४६० ला कापला असेल, तर २८० भागिले १६०, म्हणजे उतार सुमारे ६० अंश. दिशा आधी ठाऊक नसेल तर तिसरा छेद लागतो. हा पहिल्या वर्षाचा तीन बिंदूंचा प्रश्न आहे, इथे तो खरोखर पोटापाण्याचा होतो. १:१०,००० च्या नकाशावर ६० अंशांच्या फॉल्टचे ५० मीटर अंतराने काढलेले कंटूर जेमतेम तीन मिलिमीटरवर येतात, तर ३ अंश उताराच्या थराचे १० मीटरचे कंटूर एकोणीस मिलिमीटरवर. दोन रंगांत काढा, नाहीतर डोळे फिरतात.

मग फूटवॉलच्या, म्हणजे फॉल्टच्या खालच्या बाजूच्या, थराचे कंटूर काढत फॉल्टपर्यंत आणा. थराचा १,३५० चा कंटूर फॉल्टच्या १,३५० च्या कंटूरला जिथे भेटेल तिथे ठिपका. १,३६० ला १,३६०. असे ठिपके जोडले की थर फूटवॉलवर कुठे संपतो ती रेघ मिळाली. आता हँगिंग वॉलकडे, म्हणजे फॉल्टच्या वरच्या बाजूकडे, या. तिथे नवा आकार मनाने रचू नका. फूटवॉलचे कंटूर फॉल्ट नाहीच असं धरून पलीकडे वाढवा आणि प्रत्येकात ४८ मिळवा: १,३५० च्या जागी १,३९८. पलीकडच्या विहिरींशी ते जुळवून घ्या आणि त्याच पद्धतीने ठिपके द्या. दोन रेघांमधली पट्टी म्हणजे थर नसलेली जागा.

फॉल्टने कंटूर तुटतात, घडीचा आकार तुटत नाही, निदान फॉल्ट घडीनंतरचा असेल तेव्हा. एका बाजूला गोलसर माथा आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याशी काही संबंध नसलेली दरी दिसली तर बहुधा विलगनाचा आकडा किंवा मार्कर चुकलाय.

पट्टीची रुंदीही तपासा. आपल्या उदाहरणात ती सुमारे २८ मीटर, म्हणजे १:१०,००० वर तीन मिलिमीटरही नाही. छापील नकाशांवर फॉल्टच्या पट्ट्या याच्या तिप्पट-चौपट रुंद दिसतात तेव्हा कुणीतरी त्या डोळ्यांना बऱ्या दिसाव्यात म्हणून आखलेल्या असतात. त्या रुंद पट्टीत साठ्याचं क्षेत्रफळ हरवतं. आणि एखाद्या विहिरीत मार्कर मिळालाच नाही तर तिला नकाशावरून पुसू नका. ती पट्टीच्या आत पडली असेल, आणि पट्टीची जागा सांगणारा तिच्याहून चांगला साक्षीदार नाही.

शेवटी फॉल्टच्या लांबीवर थ्रोचा आलेख काढा. एकट्या फॉल्टचा थ्रो टोकांना शून्य आणि मध्ये कुठेतरी सर्वाधिक असतो. आलेख ०, १५, ३५, ४८, ४०, १२, ३८, २०, ० असा आला तर तो १२ चा खड्डा सांगतो की हे दोन फॉल्ट आहेत आणि तुम्ही ते एक म्हणून आखलेत. दोघांच्या टोकांमध्ये थर न तुटता उतरणीसारखा वाकलेला असू शकतो, आणि तेलाला तिथून सरळ पलीकडे जायला वाट असते.

पायरी ७: बंदिस्ती मोजा

माथा १,३१० ला आणि स्वतःवर मिटणारा सगळ्यात खालचा कंटूर १,३७४ ला असेल तर उभी बंदिस्ती ६४ मीटर. त्याच्या खाली तेल एका ठरावीक खिंडीतून बाहेर सांडेल. ती खिंड नकाशावर खूण करून दाखवा, कारण तिथला एकेक मीटर साठ्याच्या हिशेबात येतो. तेल-पाणी सीमा १,३५२ ला मिळाली तर सापळा, म्हणजे तेल अडवून धरणारी ही रचना, काठोकाठ भरलेला नाही. एकतर तेलच तेवढं आलं किंवा १,३५२ च्या आसपास कुठे फॉल्टवर गळती आहे. मग फॉल्टवर नेमकी तीच खोली तपासायला जायचं.

चादरीसारख्या रचनेत बंदिस्ती खालून वर कमी होत जाते, म्हणून खोल थराच्या नकाशावरून वरच्या थराचा माथा मानून चालू नये. थ्रस्टवरच्या असमान घडीत माथाच सरकतो. घडीचं अक्षपृष्ठ ७० अंशांनी कललेलं असेल तर १,५०० मीटर खाली माथा मंद अंगाच्या दिशेला साधारण साडेपाचशे मीटर हटलेला असतो. पृष्ठभागावरच्या माथ्यावर उभी विहीर घेतली तर ती खाली तीव्र अंगात शिरते.

पायरी ८: फॉल्ट भिंत आहे की दार?

फॉल्टच्या पृष्ठभागावर समोरून पाहतोय असं समजून दोन्ही बाजूंचे थर एकावर एक आखा. १९८९ मध्ये अॅलन यांनी रूढ केलेल्या या आकृतीला त्यांचंच नाव आहे. चुनखडकासमोर चुनखडक आला तर दार उघडं असण्याची शक्यता, चुनखडकासमोर शेल आला तर बंद. विहिरीवरून काढलेला थ्रो एका ठिकाणचा असतो, तो फॉल्टच्या लांबीवर बदलतो, म्हणून हे एका छेदात न पाहता टोकापासून टोकापर्यंत पाहावं लागतं.

वालुकाश्म-शेलच्या क्रमात आणखी एक हिशेब करतात. एखाद्या बिंदूवरून जेवढा खडक घसरून गेला त्यात शेल किती? थ्रो ४८ मीटर आणि त्यात शेल १४ मीटर असेल तर २९ टक्के. साधारण २० टक्क्यांच्या वर गेलं की फॉल्टच्या आत शेलचा लेप बसून तो तेल अडवतो असं धरतात. टिपामसारख्या वालुकाश्मात हा आकडा काढायला हरकत नाही. चुनखडकात मात्र तोच उंबरठा जसाच्या तसा लावलेला पाहिला की मी तो अहवाल बाजूला ठेवतो. चुनखडकातला फॉल्ट चुरा होऊन उघडा राहतो, कॅल्साइटने भरून घट्ट होतो, किंवा पाण्याने विरघळून आणखी रुंद होतो. शेलची टक्केवारी यातलं काहीच सांगत नाही.

खरा निर्णय द्रवांकडून मिळतो. फॉल्टच्या दोन्ही बाजूंना तेल-पाणी सीमा वेगळ्या असतील आणि उत्पादन सुरू होण्याआधीचा दाबही वेगळा असेल, तर तो भूगर्भीय काळात बंद आहे. उत्पादनानंतर दाब वेगळे झाले तर तो फक्त काही वर्षांच्या मापाने बंद आहे एवढंच कळतं. मुंबई हायचे उत्तर आणि दक्षिण असे भाग वेगळे हाताळले जातात ते त्यांच्यामधल्या शेलच्या पट्ट्यामुळे. तेव्हा दाबातला प्रत्येक फरक फॉल्टच्या माथी मारण्याआधी मध्ये खडकच बदललाय का ते पाहून घ्यावं.

पायरी ९: सापळा आधी की तेल आधी?

एकाच थराची जाडी फॉल्टच्या दोन्ही बाजूंना मोजा. फूटवॉलवर १२० आणि हँगिंग वॉलवर १६८ मीटर असेल तर गुणोत्तर १.४, म्हणजे तो थर साचताना फॉल्ट हलत होता. असे एकेक थर घेत वर या. गुणोत्तर एकावर आलं की फॉल्ट थांबला. मुंबई हायच्या परिसरात तेलाचा मुख्य उगम पन्ना स्तरसमूहातल्या शेलमध्ये मानतात. पॅलिओसीन ते पूर्व-इओसीन काळातला हा गाळ उंचवट्याच्या आजूबाजूच्या खोलगटांत जाड आहे आणि माथ्याकडे पातळ होत जातो. म्हणजे उंचवटा तेव्हाही उंच होता. तेल वर आलं ते त्यावर मायोसीनचा चुनखडक आणि शेलचं झाकण बसल्यावर. सापळा आधी, तेल नंतर, असा हा सुखाचा क्रम आहे. फॉल्ट तेल आल्यानंतरही हलत राहिला असता तर काही तेल त्याच्याच वाटेने वर निसटलं असतं.

पायरी १०: छेद उलगडून पाहा

थ्रस्ट पट्ट्यात ही पायरी सोडूच नये. घडी न पडलेल्या दोन जागांवर खुंट मारल्यासारख्या दोन उभ्या रेघा घ्या आणि त्यांच्यामध्ये प्रत्येक थराची लांबी वळणावळणाने मोजा. वरचा थर ६.४ किलोमीटर आणि खालचा ५.१ भरला, तर १.३ किलोमीटर खडक कुठे गेला ते सांगावं लागेल: एकतर मध्ये थर एकमेकांवरून घसरलेत किंवा खाली एक थ्रस्ट आहे जो तुम्ही काढलेला नाही. मुंबई हायसारख्या जागी हा हिशेब थ्रोच्या बेरजेवर भागतो.

विहीर अपेक्षेपेक्षा खाली लागली तर

नवी विहीर खणल्यावर मार्कर नकाशापेक्षा ३० मीटर खाली आला, असं होतंच. तेव्हा तपासायचा क्रम ठरलेला ठेवा. आधी विचलन-सर्वेक्षण आणि संदर्भपातळी, कारण ती दहा मिनिटांत कळते. मग लॉगची जुळणी: तोच मार्कर आहे ना, की त्याच्या खालची सारखी दिसणारी पट्टी? मग वेग: आजूबाजूचे सगळेच थर तितकेच खाली आलेत का? सगळे सारखे खाली असतील तर वेग किंवा घडीचा आकार बदलायचा. वरचे मार्कर नकाशाप्रमाणे आणि खालचे तीसच मीटर खाली असतील तर मध्ये जाडी वाढली आहे: तो भाग मुळातच जाड साचला असेल, किंवा रिव्हर्स फॉल्टने काही तुकडा दोनदा आला असेल. पट्ट्या मोजल्या की ते कळतं. वरचे मार्कर तीस मीटर खाली आणि खालचे नकाशाप्रमाणे असतील तर विहिरीने नॉर्मल फॉल्ट ओलांडलाय, वर ती हँगिंग वॉलमध्ये होती आणि खाली फूटवॉलमध्ये गेली. तो छेद शोधा, फॉल्टचा कंटूर-नकाशा त्या बिंदूतून जाईल असा दुरुस्त करा, आणि थराचे कंटूर त्यानंतरच खोडायला घ्या.